नवतपात टिकेल ती रॅम

नागपुरातल्या आमच्या प्रतापनगरच्या घराला गच्चीवर एक खोली आहे. बांधली तेव्हा ती माझ्या अभ्यासासाठी होती; आता तिच्यात बिघडलेला कूलर, जुन्या गाद्या आणि लग्नकार्यातली पातेली राहतात. मे महिन्यात तिथे माणूस फिरकत नाही. कुरडया घालायला आई गच्चीवर जाते ती पहाटे साडेपाचला, आणि आठच्या आत खाली उतरते. तर यंदा नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांतल्या, तिसऱ्या दिवशी, दुपारी साडेबारा वाजता, मी आणि माझा भाचा त्या खोलीत एक उघडा सीपीयू, मॉनिटर आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन चढलो. आईने जिन्यातूनच विचारलं, "वेड लागलं का रे दोघांना?"

वेड नव्हतं. रॅम तपासायची होती.

रॅम ओव्हरक्लॉक करायची, म्हणजे छापील वेगापेक्षा जास्त पळवायची म्हटलं की माणसं दोन गोष्टी विचारतात, स्पीड किती आणि भाव किती. मी आता तिसरीही विचारतो. "ही एवढ्यावर चालते" असं कोणी म्हटलं, की म्हणतो, कोणत्या महिन्यात चालली? प्रश्न चमत्कारिक वाटतो, पण त्यामागे माझे दोन उन्हाळे खर्ची पडलेत.

पहिला २००४-०५ चा. मी इंजिनीअरिंगला होतो आणि आमच्या कट्ट्यावर एकच जप चालायचा, बार्टन पंचवीसशे. एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+ हा प्रोसेसर १६६ मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे बाकीच्या मशीनशी जोडणाऱ्या रस्त्याच्या वेगावर, अकरा पटीने चालायचा. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन १६६ चे २०० केले, की तोच प्रोसेसर २.२ गिगाहर्ट्झला पोचायचा, म्हणजे दुकानात भलत्याच महाग मिळणाऱ्या ३२००+ च्या बरोबरीला. एक आकडा बदलायचा आणि श्रीमंत व्हायचं. अडचण एवढीच, की बस पळाली की रॅमलाही तिच्याबरोबर पळावं लागे. तेव्हाच्या एनफोर्स२ बोर्डांवर दोघींचा वेग सारखा ठेवला तरच खरी मजा यायची. तीन पायांची शर्यतच ती. २०० च्या बसला डीडीआर-४०० रॅम लागणार (डीडीआर घड्याळाच्या एका टोल्यात दोनदा डेटा देते, म्हणून छापील आकडा दुप्पट) आणि माझ्या खिशात पैसे डीडीआर-३३३ चे. फरक किती, तर माझ्या लुनाच्या महिन्याभराच्या पेट्रोलएवढा. पण लुना हवी होती, कारण ती नसती तर बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, रॅम घ्यायला गेलो तरी कसा असतो?

"घेऊन जा ना भाऊ," दुकानदार म्हणाला, "चारशेवर पण धावते ही."

आणि धावली की! डिसेंबर होता. खिडकी उघडी, सीपीयूचं बाजूचं झाकण काढून ठेवलेलं, अंगावर स्वेटर, आणि २५६ एमबीची ती गरीब स्टिक २०० वर बिनतक्रार. होळीपर्यंत मी स्वतःला इंजिनीअर समजत होतो. होळी झाली आणि दुपारी दोनच्या सुमारास मशीन बंद पडून निळा पडदा यायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग जेवण करून येईपर्यंतही दम निघेना. एप्रिलच्या मध्यावर मी मुकाट्याने १६६ वर परत आलो. दिवाळीनंतर पुन्हा २००. मित्र म्हणायचे, "याचा प्रोसेसर पण सीझनल आहे बे, हिवाळ्यात बत्तीसशे, उन्हाळ्यात पंचवीसशे."

त्याच मित्रांतल्या एकाकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एक जोडी होती. पत्र्याखाली विनबाँड कंपनीची बीएच-५ नावाची चिप. डीडीआरला साधारण अडीच व्होल्ट लागतात. तो पठ्ठ्या तिला सव्वातीनच्या वर द्यायचा आणि ती २-२-२ अशा टाइमिंगवर (रॅमच्या आतल्या थांब्यांचे आकडे, जितके लहान तितकी ती चपळ) गुणी बाळासारखी चालायची. माझ्या स्टिकला तेवढे व्होल्ट दिले असते तर तिने प्राण सोडला असता. तिथे मला पहिल्यांदा कळलं की स्टिकवर छापलेलं कंपनीचं नाव म्हणजे शिंप्याचं लेबल. कापड दुसरीकडूनच येतं. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. रॅमचं मात्र पहिलं तेच शोधावं.

मध्ये एक हिशेब सांगतो, कारण तो मला फार उशिरा कळला. स्टिकवर जो सीएल आकडा, म्हणजे टाइमिंगमधला पहिला, असतो त्याला दोन हजारांनी गुणायचं आणि छापील स्पीडने भागायचं. उत्तर येतं ते नॅनोसेकंदांत: डेटा मागितल्यापासून तो निघेपर्यंतचा थांबा. मित्राच्या डीडीआर-४०० चा सीएल २, म्हणजे १० नॅनोसेकंद. पंधरा वर्षांनी सगळे घ्यायचे ती डीडीआर४ ३२०० सीएल १६, तीही १०. ३६०० सीएल १८, पुन्हा १०. आणि आता पोरं जिच्यासाठी जीव टाकतात ती डीडीआर५ ६००० सीएल ३०? कागदावर करून पाहा. बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहण्याचं प्रमाण, कुठल्या कुठे वाढलं, एका चॅनेलला सेकंदाला ३.२ जीबी होती ती ४८ जीबी झाली. पण चांगल्या रॅमचा हा पहिला थांबा वीस वर्षं तिथेच उभा आहे. रस्ता चार पदरांचा झाला, सिग्नल तेवढ्याच वेळाचा राहिला. वर्धा रोडवाल्यांना जास्त सांगायला नको.

म्हणून दुकानात मोठा आकडा पाहून भुललेल्या माणसाला मी आधी हा भागाकार करायला लावतो. जास्त पैसे देऊन घेतलेली ३६०० सीएल १८ आणि कमी पैशांची ३२०० सीएल १६ यांचा थांबा सारखाच असतो. दहाच्या खाली उतरायचं असेल तर मात्र खिसा खरोखर हलका होतो.

माझा दुसरा उन्हाळा त्या उतरण्याचाच.

२०१९ च्या जुलैत एएमडीचे तिसऱ्या पिढीचे रायझन आले आणि मी नोकरीतल्या पैशांचं पहिलं हौशी मशीन जमवायला घेतलं, रायझन ५ ३६००. गंमत म्हणजे तीन पायांची शर्यत पुन्हा हजर. प्रोसेसरच्या आतला इन्फिनिटी फॅब्रिक नावाचा जोडरस्ता आणि रॅम एका तालात चालल्या तर फायदा, आणि हा ताल बहुतेक प्रोसेसरांत १८००, म्हणजे रॅमच्या ३६०० पर्यंत सहज जमतो. काहींत १९०० पर्यंत. माझा १९०० ला गेला आणि तिथेच मी बिघडलो.

त्याच वर्षी बातमी होती की सॅमसंग आपली बी-डाय नावाची मेमरी चिप बंद करणार. डीडीआर४ च्या काळातली ही बीएच-५ च. व्होल्टेज वाढवा, टाइमिंग आवळा, ती हूं की चूं करत नाही. ओळखायची खूण म्हणजे छापील आकडे: ३२०० वर १४-१४-१४, तिन्ही सारखे आणि तिन्ही लहान, असं १.३५ व्होल्टला कोणी छापत असेल तर आत बी-डायच. मायक्रॉनची ई-डाय सीएल खाली आणू देते पण दुसरा आकडा, टीआरसीडी, अठरा-एकोणीसच्या आसपास अडून बसतो, कितीही व्होल्ट पाजा. हायनिक्सची सीजेआर या दोघींच्या मधली, सरळ बाई. कॉर्सेअरसारखी कंपनी लेबलवर व्हर्जनचा आकडा छापते. तो ४ ने सुरू झाला तर सॅमसंग, ३ ने मायक्रॉन, ५ ने हायनिक्स. बाकीच्यांचं कूळ थायफून बर्नर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने, स्टिक मशीनमध्ये लावल्यावरच वाचता येतं. म्हणजे लग्नानंतर पत्रिका पाहण्यासारखं.

बंद होणार म्हटलं की नागपूरकराचा हात खिशाकडे जातोच. दिवाळीच्या बोनसमध्ये आठ-आठ जीबीची बी-डायची जोडी आली, साध्या जोडीच्या जवळपास दुप्पट पैशांत. घरी किंमत सांगताना मी प्रोसेसरची आणि रॅमची अदलाबदल केली. जानेवारीत, थंडीच्या रात्री जागून, ती ३८०० वर, सीएल १४ ला, दीड व्होल्टवर बसवली. मेमरी टेस्टला शून्य चुका. नॅनोसेकंदांचा हिशेब ७.४ च्या खाली. कोणाला दाखवावं असं घरात कोणी नव्हतं, तरी आईला दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं, आता जेव."

मार्चमध्ये आत्याकडचा एक अल्बम आला होता. त्यात बाबांनी काढलेले मारबतीच्या मिरवणुकीचे फोटो, इतवारीतली गर्दी, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. मी ते सगळे स्कॅन केले, अल्बम अमरावतीला परत गेला, आणि आठवड्याभरात लॉकडाऊन लागला. मे महिन्यात रिकामपणी मी त्या फायली नीट नावं देऊन दुसऱ्या डिस्कवर हलवल्या आणि जुन्या पुसून टाकल्या. आठेक दिवसांनी उघडून पाहतो, तर काही फोटो वरून अर्धे धड आणि खाली हिरवट-जांभळे. पिवळ्या मारबतीचं डोकं आहे, धड नाही. हलवलेली प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते, आणि जेपीईजीमध्ये एक बाइट बिघडला की त्यापुढचं सगळं घसरतं. मशीन मात्र एकदाही बंद पडलं नव्हतं. निळा पडदा नाही, तक्रार नाही, काही नाही. २००५ ची माझी गरीब स्टिक निदान मरायची तरी.

सकाळी सहाला टेस्ट लावली. शून्य. दुपारी तीनला तीच टेस्ट, वीस मिनिटांत सात चुका. त्या स्टिकवर तापमानाचा सेन्सर होता: सकाळी ३९, दुपारी ५४.

डीरॅमचा, म्हणजे या सगळ्या स्टिकांवरच्या मेमरीचा, जन्मच असा आहे. १९६६ मध्ये आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलं की एका बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरे, आणि १९६८ साली त्याचं पेटंट झालं. पण तो कपॅसिटर म्हणजे पाझरणारं मडकं. भरलेलं असेल तर १, रिकामं तर ०, आणि भरलेलं प्रत्येक मडकं सतत गळत असतं. म्हणून रॅम दर ६४ मिलिसेकंदांत सगळी मडकी एकदा पुन्हा भरून काढते; याला रिफ्रेश म्हणतात. उन्हाळ्यात माठाला पाझर जास्त फुटतो तसा उष्णतेने हा गळाही वाढतो. ८५ अंशांच्या वर तर प्रमाणित नियमानेच रिफ्रेश दुप्पट वेळा करावा लागतो. आणि मी काय केलं होतं? एकेका रिफ्रेशला जो वेळ द्यायचा, टीआरएफसी, तो ८ गिगाबिटच्या चिपसाठी प्रमाणाप्रमाणे ३५० नॅनोसेकंद असतो. मी तो २६६ टोल्यांवर, म्हणजे १४० नॅनोसेकंदांवर आवळला होता. बी-डायला हे जमतं, म्हणून तर तिचं कौतुक. पण ती उष्णतेला हळवी आहे. पन्नाशीच्या आसपास तिचा तोल जातो. वरून दीड व्होल्ट, बाजूने ग्राफिक्स कार्डची गरम फुंकर, आणि आमच्या घराचा स्लॅब असा, की दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत खोलीला परत देत बसतो. कूलर लावला होता म्हणा. कूलरची हवा मी घेत होतो, सीपीयू टेबलाखाली होता.

मी व्होल्टेज उतरवलं, टीआरएफसी सैल केला, ३६०० सीएल १६ वर आलो. मग चुका गेल्या. आणि मग लक्षात आलं की ऑफिसातल्या एकाने निम्म्या पैशांत घेतलेली मायक्रॉनची जोडी वर्षभर याच आकड्यांवर चालतेय. ते फोटो दिवाळीनंतर, बस सुरू झाल्यावर, अमरावतीला जाऊन पुन्हा स्कॅन केले.

३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने नागपूरचं तापमान ५६ अंश दाखवलं होतं, आठवत असेल. देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलाय. लोक हसले. मला हसू आलं नाही. ते यंत्र बंद पडलं नव्हतं. ठरल्या वेळी, नीटनेटक्या आकड्यात, चुकीचं सांगत होतं. माझी रॅम हेच करत होती, फक्त तिची बातमी झाली नाही.

तर भाचा. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मानेवाड्याला राहतो. त्याच्याकडे रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि आठ जीबीची एकच स्टिक. थोडे पैसे साठवून तो वही घेऊन आला. वहीत पहिल्या पानावर नवा बोर्ड, नवा प्रोसेसर आणि डीडीआर५ ६००० सीएल ३०. दुसऱ्या पानावर डीडीआर४ ची नवी कोरी महागडी जोडी. तिसरं पान कोरं.

पहिलं पान भावांनीच फाडलं. २०२५ च्या शेवटी रॅम अशी चढली की सोनारालाही कौतुक वाटावं. एआयच्या डेटा सेंटरांना जी एचबीएम मेमरी लागते ती बनवणाऱ्या कंपन्या त्याच तीन, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. मोठं गिऱ्हाईक दारात उभं असताना तुमच्या-माझ्या स्टिकला कोण विचारतो. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला घरगुती धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ६००० सीएल ३० वाईट नाही, उलट त्या बोर्डांसाठी तोच योग्य आकडा आहे, आणि हायनिक्सच्या चिप असतील तर पुढे आवळायलाही वाव असतो. पण दहा नॅनोसेकंदांसाठी बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच नवं? मी त्याला भागाकार करायला लावला. त्याने दोनदा केला.

"पण मामा, मले ओव्हरक्लॉक करायचंय ना."

"मग आधी दुसरी स्टिक घे."

त्याला तो अपमान वाटला. पण खरंच, ज्याच्याकडे एकच स्टिक आहे त्याच्यासाठी याहून स्वस्त ओव्हरक्लॉक नाही. एका स्टिकने ६४ बिटांचा एक चॅनेल चालतो, दोनांनी दोन; बँडविड्थ सरळ दुप्पट. ५६००जी मधलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, त्याला तर हे दुधात साखर. कोणतंही व्होल्टेज, कोणतीही रात्र-जागरणं हा फरक एका स्टिकमधून काढू शकत नाहीत. आणि आधी बोर्ड पाहायचा. त्याच्या एका मित्राने इंटेलच्या एच४१० बोर्डावर ३२०० ची चमकणारी, दिवे लागणारी रॅम घेतली. त्याच्या आय५ सोबत ती २६६६ च्या वर जाऊच शकत नाही. इंटेलने बी-मालिकेत हे कुलूप २०२१ च्या बी५६० पासून काढलं. पोरगा दिव्यांचे पैसे देऊन बसला. भाच्याचा बोर्ड एएमडीचा बी४५०, तिथे ही भीती नव्हती.

सेकंड हँडमध्ये आठ-आठची एक जोडी मिळाली, ३२०० सीएल १६, आत मायक्रॉनची ई-डाय. माझी महागडी बी-डाय जिच्याच आकड्यांवर येऊन थांबली, ऑफिसातल्या त्या निम्म्या पैशांच्या मायक्रॉनचीच ही जमात. विकणारा धरमपेठेतला मुलगा आपल्याच मशीनवर लावून दाखवायला तयार झाला. कूळ पाहून घेतलं. पैसे देण्याआधी तो अभिमानाने म्हणाला, "काका, अडतीसशेवर चालून राहिली होती माझ्याकडे. एक चूक नाही."

"कोणत्या महिन्यात?"

तो थांबला. "जानेवारीत."

भाचा माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याला म्हटलं, घे, भाव बरा आहे. बाकीचं नवतपात पाहू.

म्हणून ती गच्चीवरची खोली. आईचा स्वयंपाकातला थर्मामीटर भिंतीला टांगला होता, तो ४४ दाखवत होता. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावली, ३८०० वर, १.४ व्होल्ट. वीस मिनिटांत पहिली चूक. ३७३३ ने आशा लावली. पहिला फेरा निघाला, दुसऱ्यात पुन्हा तीन चुका. भाच्याने खाली येऊन पन्ह्याचे दोन पेले घेतले आणि हिरमुसून म्हणाला, एसीत ठेवली तर चालेल ना. चालेल. पण एसी तुझ्याकडे आहे का, आणि लाईन गेल्यावर? पावणेतीनला ३६०० सीएल १६ लावली, १.३७ व्होल्ट, टीआरएफसी भरपूर सैल. चार फेरे निघाले पाहिजेत असं ठरवलं.

पहिला निघाला. स्टिकला बोट लावलं तर क्षणभरच ठेवता आलं. दुसरा निघाला. भाचा दर दहा मिनिटांनी वर जाऊन पडद्याकडे पाहून यायचा आणि जिन्यातून ओरडायचा, "शून्यच आहे मामा!" आई म्हणाली, एवढं शून्याचं कौतुक आमच्या वेळी कोणी केलं नाही. तिसरा फेरा सव्वापाचला संपला, चुका शून्य, आणि चौथा सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील तर पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली, शेजारच्या इन्व्हर्टरची पीं ऐकू आली.

"लाईन गेली," आई म्हणाली.

भाचा जिन्यात उभा होता. "आता पहिल्यापासून?"

मी म्हटलं, उद्या. साडेबाराला ये.